समोरचा भडकलाय? खुर्चीवरच्या माणसाने या चुका टाळाव्यात

पाण्याची पाळी हुकली, वॉर्डात बेड मिळेना, कांद्याचा भाव पडला की सोलापुरात माणूस तडक साहेबासमोर येऊन ओरडतो. तिथून पुढची दोन मिनिटं साहेबाच्या हातात असतात.

पहिली चूक, तोंड उघडताच कलम दाखवणं. ‘सरकारी कामात अडथळा, 353 लावीन!’ 353 हे जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम, 1 जुलै 2024 पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम 132 आलंय, पण आकडा कुठलाही असो, समोरच्याला धमकीच ऐकू येते. गरज पडली तर कायदा आहेच, तो आधी कशाला काढायचा?

सगळ्यात महागात पडते ती चारचौघांतली अरेरावी. मार्केट यार्डात रात्रभर टेम्पोवर जागलेला शेतकरी कमी भाव ऐकून कारकुनाची बाही धरतो. तुम्ही म्हणालात, ‘आवाज खाली!’ आता गावची माणसं बघतायत, तो आवाज खाली कसा आणेल? त्यापेक्षा म्हणा, ‘दादा, इकडे सावलीत या, पट्टी दाखवा बघू.’ बाही सोडून हात खिशाकडे जातो, नजर पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या कागदावर येते. मग ओळीने वाचा: वजन, भाव, हमाली, तोलाई. मध्ये तोडू नका. ‘शांत व्हा’ तर म्हणूच नका, त्याने कुणी शांत होत नाही. तुमचाच आवाज हळू ठेवा.

शहराच्या पूर्व भागातल्या आजी तेलुगूत बोलत असतील तर ‘चेप्पंडी’ म्हणा, अक्कलकोटकडच्या कन्नड बोलणाऱ्या मामांना ‘हेळ्री’; दोन्हींचा अर्थ ‘सांगा’. मोडकंतोडकं चालतं. पुढचं जमत नसेल तर भाषा येणारा शिपाई बोलवा.

बोलायचं एकानेच. साहेब, वॉचमन, कारकून तिघेही सुरू झाले की माणूस बिथरतो. दोन हात अंतर ठेवा, खांद्यावर हात टाकू नका, दाराची वाट अडवू नका.

‘बघतो, करतो’ म्हणून कटवणं हीसुद्धा चूकच. तोच माणूस उद्या दहा जणांना घेऊन येतो. होणार नसेल तर स्पष्ट नाही म्हणा, कारण सांगा, अर्ज कुणाकडे द्यायचा ते लिहून द्या.

मात्र हातात दगड, कोयता दिसला किंवा कुणाला मार बसला, तर बोलणी तिथेच थांबवा. आधी लोकांना बाजूला काढा आणि 112 लावा.