कोटीच्या स्पीकरसमोर कसे बसावे

महागड्या ध्वनियंत्रणांचे युरोपातील सर्वांत मोठे प्रदर्शन ‘हाय एंड’ या नावाने ओळखले जाते. १९८२ मध्ये ड्युसेलडॉर्फ येथे सुरू झालेले हे प्रदर्शन २००४ ते २०२५ या काळात म्युनिकच्या एमओसी संकुलात भरत होते आणि २०२६पासून त्याचा मुक्काम व्हिएन्नाला हलला आहे. तेथे स्पीकरच्या एका जोडीपुढे एक लाख युरो, म्हणजे आजच्या दराने एक कोटी रुपयांच्या आसपास, अशी चिठ्ठी दिसली की पाहणाऱ्यांचे चेहरे बहुधा दोनच प्रकारे बदलतात. काहींचे हात नकळत जोडले जातात, तर काहींच्या ओठांच्या कोपऱ्यात ‘लोकांना फसवायचे धंदे’ असे हसू उमटते. दोघांनीही तोवर एक सूरदेखील ऐकलेला नसतो. अशा प्रदर्शनाला प्रथमच जाणाऱ्याने भाविक आणि निंदक या दोन्ही भूमिका दाराबाहेर ठेवून आत कसे जावे, एवढ्यापुरतेच हे लेखन आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, किंमत शेवटी पाहावी. हा साधुत्वाचा उपदेश नाही, त्यामागे व्यावहारिक कारण आहे. ध्वनियंत्रणा बनवणाऱ्या हरमन कंपनीतील संशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात त्याच श्रोत्यांना तेच स्पीकर एकदा डोळ्यांसमोर ठेवून आणि एकदा पडद्याआड ठेवून ऐकवले, तेव्हा त्यांनी दिलेले गुण बदलले. आकार, रूप आणि नाव यांचा कौल कानाच्या कौलात मिसळलेला होता. हे श्रोते त्याच कंपनीत काम करणारे होते, म्हणजे या विषयात अगदीच कोरे नव्हते. तेव्हा ‘मी काही भुलत नाही’ असे म्हणणाऱ्यानेही खिशात एक छोटी वही ठेवावी, दालनाचा क्रमांक आणि वाजलेले संगीत लिहावे, ऐकताना जाणवलेल्या दोन-तीन गोष्टी नोंदवाव्यात आणि मगच किंमत विचारून शेजारी लिहावी. हा क्रम उलटा झाला, तर वहीत किंमतच वेगवेगळ्या विशेषणांनी लिहिली जाते. माझ्या वहीत एका दालनाची नोंद ‘तानपुरा डासासारखा गुणगुणतो’ अशी आहे आणि तिच्यापुढचा आकडा पुण्यातल्या एखाद्या फ्लॅटएवढा आहे. मात्र त्याच पानावर ‘उठावेसे वाटले नाही’ असे लिहिलेले दालनही तितकेच महाग निघाले, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

दुसरी तयारी घरूनच करावी लागते. प्रदर्शक वाजवतात ते संगीत बहुतेक वेळा संथ आणि विरळ असते, त्यात एखादा हळुवार स्त्रीस्वर आणि बोटांनी छेडलेला डबल बास असतो, आणि असे संगीत जवळजवळ कोणत्याही यंत्रणेवर बरे वाजते. पाहण्याच्या कार्यक्रमातल्या कांदेपोह्यांवरून घरच्या रोजच्या स्वयंपाकाचा अंदाज येत नाही, तसेच हे आहे. म्हणून आपल्या पाठ असलेल्या तीन-चार ध्वनिमुद्रणांच्या फ्लॅक फाइली (मूळ आवाजातले काही न गाळता साठवलेल्या) पेनड्राइव्हवर न्याव्यात. त्यांत तानपुरा असावाच, कारण जवारीतून, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीच्या घडणीतून, उठणारे स्वरकण एकमेकांत मिसळूनही वेगळे ऐकू यावे लागतात, आणि स्पीकरने वरच्या पट्टीत थोडी जरी लबाडी केली तरी ती तेथे उघडी पडते. तबल्याच्या मुद्रणात डग्ग्याची घसीट नीट ऐकावी. मनगटाच्या दाबाने चढत जाणारा तो नाद प्रत्येक पायरीवर सारखा भरीव राहतो, की मधल्या एखाद्याच जागी फुगतो, हे पाहावे. तिसरे मुद्रण साध्या बोलण्याचे असले तरी चालेल. बीबीसीच्या अभियंत्यांनी स्पीकर घडवताना माणसाच्या बोलण्याचीच कसोटी लावली होती, कारण बोलणारा माणूस खोक्यात बसून बोलतो आहे असे वाटले की ते कोणालाही लगेच कळते. (येथे एक अडचण आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी तबला-तानपुरा मांडवातल्या ध्वनिक्षेपकांतूनच ऐकलेला असतो. जाण्यापूर्वी माइक नसलेली एखादी घरगुती बैठक ऐकून यावे.)

आत गेल्यावर खुर्ची बदलून ऐकावे, हा नियम मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, त्यामुळे ४ मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झच्या आसपास पहिला अनुनाद निर्माण होतो. त्या कंपनसंख्येला भिंतीलगत खर्ज फुगतो आणि खोलीच्या मधोमध तो जवळजवळ नाहीसा होतो. एकाच गाण्यात मधल्या खुर्चीवरचा माणूस ‘खर्ज नाही’ आणि मागे भिंतीला टेकलेला माणूस ‘खर्ज फार आहे’ असे म्हणत असेल, तर दोघेही खरे बोलत असतात आणि दोघेही स्पीकरविषयी काहीच सांगत नसतात. म्युनिकला वरच्या मजल्यांवरची बरीच दालने काचेच्या दर्शनी भिंतींची होती आणि खाली मोठ्या सभागृहांत तात्पुरत्या खोल्या उभ्या केलेल्या असत. अशा जागेत कानावर पडते ती खोलीसकट सारी मांडणी. म्हणून ‘हा स्पीकर वाईट’ असा निकाल तेथे देऊ नये. ‘या खोलीत वाईट वाजला’ एवढेच लिहावे आणि जमल्यास दुसऱ्या दिवशी दालन उघडताच, गर्दी जमण्यापूर्वी, पुन्हा एकदा जाऊन बसावे.

आवाजाच्या पातळीबद्दल सावध राहावे. दोन ॲम्प्लिफायरांची तुलना ऐकवताना एकाची पातळी अर्ध्या-एक डेसिबलने जास्त राहिली, तर श्रोत्याला तो ‘मोठा’ वाटत नाही, ‘अधिक सुस्पष्ट’ वाटतो. पातळी मोजून समान केली आहे का, असे सौम्यपणे विचारावे, कारण उत्तरापेक्षा उत्तर देण्याची पद्धत अधिक काही सांगून जाते. शिवाय ९४ डेसिबलला तासाभरात कान दिवसभराचा शिधा संपवतात, म्हणून दर दोन-तीन दालनांनंतर बाहेर येऊन कॉफी घ्यावी.

किमतीविषयी बोलायला संकोचू नये आणि बोलताना भांडूही नये. यंत्रे उभी करणाऱ्यांत स्वतः रचनाकार असतात, आणि ‘यात तुम्ही कोणती तडजोड केली?’ असे विचारले की विक्रीची भाषा गळून पडते आणि अभियंता बोलू लागतो. जाड ॲल्युमिनियम कोरून केलेला खोका, वर्षाला मोजक्याच विकल्या जाणाऱ्या जोड्यांवर बसणारा संशोधनाचा खर्च आणि विक्रेत्याचा वाटा यांत पैसा खरोखर जातो. हे समजून घेतले म्हणून ती किंमत आपल्या दृष्टीने योग्य ठरत नाही, पण ती निव्वळ लूटही वाटत नाही. काही ठिकाणी मात्र, उदाहरणार्थ स्पीकरला जोडायच्या केबलबाबत, साधे गणित पुरेसे असते. घरात पॉवर पॉइंटसाठी इलेक्ट्रिशियन वापरतो ती २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली, तर ३ मीटर अंतराचा जाऊन-येऊन रोध सुमारे ०.०४ ओहम भरतो आणि ८ ओहमच्या स्पीकरवर त्यामुळे होणारी घट एका डेसिबलच्या विसाव्या भागाहूनही कमी असते. लाखाच्या केबलसमोर हे गणित मनातल्या मनात करावे, चेहऱ्यावर आणू नये.

राहता राहिला मनाचा भाग. परवडत नाही म्हणून ती वस्तू निरर्थकच असणार, ही कोल्ह्याची द्राक्षे झाली. उलट बाजूने पाहिले, तर अशी यंत्रणा घेण्याची ऐपत येते तोवर बहुधा साठी जवळ आलेली असते आणि कानांना अगदी वरच्या पट्टीतल्या कंपनसंख्या ऐकू येईनाशा झालेल्या असतात. चणे आहेत तर दात नाहीत, हे येथे अक्षरशः खरे ठरते. त्यामुळे हेवा करण्यासारखे जेवढे वाटते, तेवढे तेथे नसते. तेथे जाऊन आपण फक्त चांगला आवाज कसा असतो, याचे माप कानात भरून घ्यायचे असते.

ते माप घरी आल्यावर ताजे असतानाच वापरावे. तीच मुद्रणे आपल्याच यंत्रणेवर लावावीत, स्पीकर भिंतीपासून आधी अर्धा फूट आणि मग दीड फूट पुढे ओढून पाहावे, फरशीवर सतरंजी अंथरावी, समोरच्या उघड्या भिंतीशी पुस्तकांचे कपाट सरकवावे आणि प्रत्येक बदलानंतर त्याच वहीत, पुढच्या पानावर, तानपुरा कसा वाजला ते लिहावे.