कुत्र्यांसह मोटरहोमने देश फिरताना या चुका टाळा

कुत्र्याला खोलीत घेणारे हॉटेल प्रत्येक मुक्कामावर मिळत नाही आणि रेल्वेच्या डब्यात त्याला सोबत ठेवायचे तर प्रथम वर्गाचा अख्खा कूपे मिळावा लागतो, म्हणून ठाणे-नवी मुंबईतली श्वानप्रेमी कुटुंबे आता मोटरहोमचा, म्हणजे झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीचा, गंभीरपणे विचार करू लागली आहेत. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून या विषयाची चर्चाही वाढली आहे. कल्पना उत्तमच आहे, परंतु या प्रवासातल्या बहुतेक चुकांचे मूळ रस्त्यावर नसून घरी बसून केलेल्या नियोजनात असते. आपण किलोमीटर मोजून मार्ग आखतो, तर कुत्र्याचा दिवस तापमान, पाणी आणि ओळखीची जागा यांवर चालतो. मार्ग त्याच्या दिवसाप्रमाणे आखला, तर पुढच्या निम्म्या अडचणी येतच नाहीत.

पहिल्याच दिवशी लांब पल्ला गाठणे

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. आमणे भिवंडी तालुक्यात असल्यामुळे ठाण्याहून निघून नागपूरपर्यंतचे ७०१ किलोमीटर एका दमात गाठण्याचा मोह साहजिक आहे. माणसाला तो झेपेलही, पण गाडीत कधीही न झोपलेल्या कुत्र्याला इंजिनाची थरथर, डिझेलचा वास आणि पायाखाली हलणारी जमीन हे सगळे एकाच दिवशी सोसावे लागते आणि संध्याकाळी तो गाडीत पाय ठेवायलाही नकार देतो. शिवाय द्रुतगती महामार्गावर मनात येईल तेथे थांबता येत नाही. कडेच्या पट्ट्यावर गाडी लावून कुत्र्याला उतरवणे बेकायदेशीर आहे आणि जिवावरही बेतू शकते. म्हणून थांबे आधी ठरवावेत, दर दोन ते अडीच तासांनी एक थांबा धरावा आणि पहिले काही दिवस चार-पाच तासांपेक्षा जास्त गाडी चालवू नये.

याची तयारी निघण्यापूर्वी दोन-तीन आठवडे सुरू करावी. गाडी सोसायटीत उभी असताना, इंजिन बंद ठेवून, कुत्र्याचे रात्रीचे जेवण तिच्यात द्यावे. तो निवांत खाऊ लागला की इंजिन सुरू करून तसेच खाऊ घालावे, मग परिसरात एक फेरी मारावी आणि शेवटी मुरबाड किंवा कर्जतच्या बाजूला परवानगी घेतलेल्या जागी एक पूर्ण रात्र काढावी. (सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगची उंची आधी मोजावी, छतावर एसी आणि सौर पॅनेल बसवलेली गाडी अनेक तळघरांत जात नाही.) या सरावासाठी जवळ म्हणून येऊर निवडू नये. तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा आहे, तेथे पाळीव कुत्रे नेता येत नाहीत आणि कुत्रा हे तिथल्या बिबट्यांचे नेहमीचे भक्ष्य आहे. हाच नियम देशातल्या इतर राष्ट्रीय उद्यानांनाही लागू आहे, तरीही रणथंबोर किंवा कान्हाच्या दारापर्यंत कुत्रा नेऊन मग ‘आता याला कुठे ठेवायचे’ हा प्रश्न पडलेली कुटुंबे दिसतात.

उष्णतेला कमी लेखणे

या लेखातली सर्वांत गंभीर चूक हीच आहे, कारण बाकीच्या चुकांनी प्रवास बिघडतो आणि या चुकीने कुत्रा दगावतो.

कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांवर थोडा घाम येतो, आणि शरीर थंड ठेवण्याचे मुख्य साधन म्हणजे जीभ बाहेर काढून धापा टाकणे. हवा दमट असेल तर धापा टाकूनही लाळेचे बाष्पीभवन पुरेसे होत नाही. म्हणूनच कोकण किनाऱ्यावरचे ३३ अंश राजस्थानातल्या तेवढ्याच तापमानापेक्षा कुत्र्याला अधिक जड जातात. पग, बुलडॉग, शिह त्झू, बॉक्सर अशा चपट्या नाकाच्या जातींना तर धापा टाकणेच नीट जमत नाही, आणि अशा कुत्र्यांना घेऊन एप्रिल-मेमध्ये मैदानी भारतात जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाहेर ३० अंश असताना उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत दहा मिनिटांत ४० आणि अर्ध्या तासात ५० अंशांच्या जवळ तापमान जाऊ शकते, आणि काचा दोन बोटे उघड्या ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. ‘आपण जेवून येईपर्यंत एसी चालू राहील’ हा मोटरहोमवाल्यांचा खास गैरसमज आहे. २०० अँपिअर-अवर क्षमतेच्या १२ व्होल्टच्या लिथियम बॅटरीत सुमारे अडीच युनिट वीज मावते आणि एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो, म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरीही दोन-अडीच तासांत संपते. छतावरचे ४०० वॉटचे सौर पॅनेल भर दुपारीही तो भार पेलू शकत नाही. त्यातच इन्व्हर्टर तापून बंद पडला, तर बाहेर जेवत बसलेल्या माणसाला ते कळतही नाही. कुत्रा आत आणि सगळी माणसे बाहेर, असे उन्हाळ्यात होऊच देऊ नये. एकाने गाडीत बसून जेवावे.

चालत्या गाडीतही एक धोका लपलेला असतो. चालकाजवळचा एसी मागच्या भागापर्यंत नीट पोहोचत नाही आणि घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या कोंडीत तासभर अडकल्यावर पुढे बसलेल्या माणसांना गारवा वाटत असताना मागे जमिनीवर पसरलेला कुत्रा तापत राहतो. कुत्रा जेथे झोपतो त्या उंचीवर सेन्सर ठेवून त्याचा आकडा चालकाला दिसेल, अशी सोय करून घ्यावी. कोंडी टाळण्यासाठी पहाटे पाचपूर्वी ठाणे सोडावे आणि दुपारी बारा ते चार गाडी सावलीत उभी ठेवावी. मात्र डिसेंबर-जानेवारीत पंजाब, हरियाणा आणि उत्तर प्रदेशात पहाटे दाट धुके असते. तेथे हा नियम उलटवून ऊन वर आल्यावरच निघावे.

लाळ घट्ट होणे, हिरड्या लालभडक दिसणे, तोल जाणे, उलटी होणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी दवाखाना शोधण्याआधी कुत्र्याला गार करायला घ्यावे: सावलीत किंवा एसीत नेऊन पोट, जांघा आणि पंजांवर नळाचे साधे पाणी ओतत राहावे आणि पंख्याचा वारा द्यावा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवल्यास आतली उष्णता अडकते. गुदद्वारातले तापमान ३९.५ अंशांवर आले की पाणी थांबवावे आणि कुत्रा सावरलेला दिसला तरी पशुवैद्याकडे न्यावे, कारण मूत्रपिंड व यकृतावरचा परिणाम एक-दोन दिवसांनीही दिसू शकतो.

स्वयंपाकाचा गॅस आणि धूर

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे गळती झाली तर तो आधी जमिनीलगत साठतो, आणि कुत्र्याचे अंथरूण नेमके तेथेच असते. गळतीचा इशारा देणारे यंत्र जमिनीपासून वीतभर उंचीवर बसवावे. कार्बन मोनॉक्साइडचे यंत्र मात्र वेगळे घ्यावे आणि झोपण्याच्या जागेजवळ लावावे, कारण तो वायू हवेत सर्वत्र मिसळतो. एसीसाठी रात्रभर इंजिन चालू ठेवून झोपणे माणसे आणि कुत्रे दोघांच्याही जिवावर बेतणारे आहे. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर गाडीत नेऊ नये. लहान सिलिंडर उभा बांधून ठेवावा आणि चालत्या गाडीत त्याचा नॉब बंदच असावा.

गाडीत मोकळे सोडणे

गाडी म्हणजे घरच, या समजुतीने कुत्र्याला चालत्या मोटरहोममध्ये मोकळे ठेवले जाते. जोराचा ब्रेक लागला की तीस किलोचा लॅब्राडोर पुढच्या आसनावर आदळतो. छातीचा मजबूत हार्नेस आसनपट्ट्याला अडकवावा किंवा जमिनीला बोल्टने घट्ट केलेला क्रेट (कुत्र्याचा पिंजरा) वापरावा. गळपट्ट्याला कधीही बांधू नये, कारण झटक्याने मान मोडू शकते.

कुत्री हरवतात ती मुख्यतः दार उघडताना. पेट्रोलपंपावर कोणी दार सरकवते, शेजारून ट्रकचा भोंगा वाजतो आणि कुत्रा महामार्गावर धावत सुटतो. दार उघडण्यापूर्वी पट्टा हातात, हा नियम घरातल्या लहान मुलांनीही पाळला पाहिजे. बहुतेक कुटुंबे दिवाळीच्या सुट्टीत निघतात आणि नेमके त्याच दिवसांत गावोगावी फटाके वाजत असतात, म्हणून लक्ष्मीपूजनाच्या आसपासचे मुक्काम वस्तीपासून दूर ठेवावेत. ब्लूटूथ टॅगवर विसंबू नये: त्याला आसपास इतरांचे फोन लागतात आणि ओसाड माळावर ते नसतात. सिमकार्डवर चालणारा जीपीएस पट्टा, फोन क्रमांक कोरलेला बिल्ला आणि मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळख-चिप) असे तिन्ही असावे.

ढाब्यामागची जागा

कुत्र्याला उतरवायला ढाब्यामागची मोकळी जागा सोयीची वाटते, पण तेथे उष्टे आणि हाडे पडलेली असतात व ती जागा आधीच तिथल्या भटक्या कुत्र्यांची असते. पाहुण्या कुत्र्यावर ती कळपाने धावून येतात आणि त्यात त्यांचा दोष नाही. गाडी उकिरड्यापासून शंभर-दोनशे मीटर पुढे लावावी आणि आधी माणसाने उतरून पाहावे. सोबत उघडता येणारी छत्री ठेवावी. ती मध्ये धरली की बहुतेक कुत्री मागे सरतात. चावा बसलाच तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, कुत्र्याला लस झालेली असली तरी वर्धक डोस द्यावा आणि माणसाला चावले असेल तर त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी.

ढाब्यावरचे उरलेले जेवण प्रेमाने घातले जाते, परंतु कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी नष्ट करतो, शिजवलेल्या कोंबडीची हाडे तुकडे होऊन आतड्यात रुततात आणि मनुका मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. घरचे नेहमीचे अन्न पूर्ण प्रवासाला पुरेल इतके न्यावे.

अडचण आलीच तर

अनोळखी जागी कुत्रा दिवसभर शू करत नाही, ही नेहमीची तक्रार आहे. अशा वेळी ओरडू नये. लांब पट्ट्यावर, वर्दळीपासून दूर, गवतावर वीस मिनिटे संथ फिरवावे. नर कुत्रा चोवीस तास थेंबही सोडत नसेल किंवा कुंथत असेल, तर तो आजार समजून दवाखाना गाठावा. कसारा किंवा माळशेज घाटात उलट्या होत असतील, तर निघण्यापूर्वी सहा तास अन्न देऊ नये, पाणी मात्र द्यावे आणि उलटी थांबवणारे औषध आधीच पशुवैद्याकडून लिहून घ्यावे. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांसारख्या माणसांच्या गोळ्या कुत्र्याला विषारी ठरू शकतात. साध्या जुलाबात शिजवलेला भात आणि उकडलेले बिनमिठाचे चिकन चालते, पण जुलाबात रक्त दिसले तर थांबू नये. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात प्रामुख्याने गाई-म्हशींवर उपचार होतात, तरी प्रथमोपचार तेथे मिळू शकतात. पुढच्या मोठ्या शहरातला कुत्र्यांचा दवाखाना मात्र मुक्काम ठरवतानाच शोधून ठेवावा.

रात्री प्रत्येक ट्रकला कुत्रा भुंकत असेल, तर खिडक्यांना जाड पडदे लावावेत आणि त्याचे अंथरूण रस्त्याच्या विरुद्ध बाजूला हलवावे. लेहला जायचे असेल तर सुमारे ३,५०० मीटरवरचे ते शहर एका झेपेत गाठू नये: मनाली आणि जिस्पा येथे मुक्काम करत चढावे, आणि कुत्रा सुस्त झाला, खाणे सोडले किंवा विश्रांतीतही धापा टाकू लागला तर खाली उतरावे, कारण कुत्र्यालाही विरळ हवा बाधते.

गोचिडांसाठी निघण्यापूर्वी गोळी दिली असली तरी रोज रात्री कानांच्या आत, बोटांच्या मध्ये आणि शेपटीखाली हात फिरवून पाहावे व सापडलेले गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावे. परतल्यावर तीन आठवड्यांपर्यंत ताप, फिक्या हिरड्या किंवा नाकातून रक्त दिसल्यास पशुवैद्याला कोणकोणत्या राज्यांत मुक्काम झाला ते सांगून गोचीडतापासाठी रक्ततपासणी करून घ्यावी.