वक्फनामा करताना: कागद, हिशेब आणि दुरुस्तीचा पैसा

मूळ मालमत्ता राखायची आणि तिचं उत्पन्न तेवढं दान करायचं, हा वक्फचा गाभा. खैबरच्या जमिनीबाबत पैगंबरांनी हजरत उमर यांना हेच सांगितलं होतं. वक्फ झालेली मिळकत विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, वारसांत वाटता येत नाही. केलेला वक्फ मागेही घेता येत नाही. पुढे कधी विकायची मुभा हवी असेल तर सरळ सार्वजनिक न्यास करा. मुस्लिमांनी स्थापलेला प्रत्येक न्यास वक्फ ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये महाराष्ट्राच्याच प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

आधी मालकी तपासा. शेतीचा सातबारा आणि फेरफार, शहरात मिळकत पत्रिका. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असेल तर परवानगीशिवाय पुढे जाऊ नका. कर्जाचा बोजा फेडून टाका. जमीन भावांची सामाईक असेल तर आधी वाटप करून घ्या. मशीद किंवा कब्रस्तानासाठी अविभक्त हिस्सा हनफी फिकहमध्ये (हनफी पंथाच्या धर्मशास्त्रीय कायद्यात) चालत नाही, आणि इतर कामांसाठी चालला तरी तंटा ठरलेला. शेवटच्या आजारपणात केलेला वक्फ वारसांच्या संमतीविना एक तृतीयांश मिळकतीपुरताच टिकतो, म्हणून धडधाकट असताना करा.

हनफी पंथाचे इमाम अबू युसुफ यांच्या मते नुसत्या तोंडी घोषणेनेही वक्फ पुरा होतो. पण वक्फ कायद्यातल्या २०२५ च्या दुरुस्तीपासून भारतात वक्फनाम्याशिवाय, म्हणजे लेखी दस्ताशिवाय, नवा वक्फ होत नाही. पाच वर्षं इस्लामचं आचरण दाखवण्याची त्यातली अट सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये, नियम होईपर्यंत, स्थगित केली. कुटुंबासाठीच्या वक्फमध्ये (वक्फ अलल औलाद) मुलींचा वारसा डावलता येत नाही.

वक्फनाम्यात चतुःसीमा, हेतू आणि मुतवल्ली (वक्फचा कारभार पाहणारा) यायलाच हवेत. मुतवल्ली २१ वर्षांखालचा नको. त्याच्यानंतर कोण आणि नेमणार कोण, तेही लिहा. हेतू असा लिहा की तो संपला तरी वक्फ अडणार नाही: ‘अमुक मदरशाचे विद्यार्थी, मदरसा बंद पडल्यास तालुक्यातले गरीब विद्यार्थी.’ रकमा रुपयांत बांधू नका. जुन्या कागदांत मुअज्जिनचा (अजान देणाऱ्याचा) पगार महिना पाच रुपये लिहिलेला असतो, आणि मग पुढच्या पिढ्या त्या आकड्याशी झगडत बसतात. टक्के लिहा.

खरी मेख दुरुस्तीत आहे. वक्फ इमारतीची डागडुजी लाभार्थ्यांच्या आधी येते. फिकहमध्ये हा नियम वक्फनाम्यात न लिहिताही लागू असतो. पण लिहिलं नाही की सगळं भाडं वाटलं जातं आणि वीस वर्षांनी गळकी इमारत हातात उरते. समजा, दुकानांचं भाडं महिना २०,००० म्हणजे वर्षाला २,४०,००० आहे. कर भरून किमान दहावा हिस्सा, २४,००० रुपये, दुरुस्तीच्या वेगळ्या खात्यात टाका. निव्वळ उत्पन्न वर्षाला ५,००० किंवा जास्त असेल तर वक्फ बोर्डाची वर्गणी द्यावी लागते. तिची कमाल ७ वरून आता ५ टक्के झाली आहे. मग मुतवल्लीचं मानधन, आणि उरलेलं दानाला. भाडेकरारात दरवर्षीची वाढ घालाच. नाममात्र भाड्यावर अडकलेल्या दुकानांनी अनेक वक्फ आतून पोखरले आहेत.

दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. त्यानंतर मुतवल्लीने वार्षिक उत्पन्न, जमिनीचा सारा, खर्चाचा तपशील आणि वक्फनाम्याची प्रत जोडून बोर्डाकडे नोंदणी करायची. अर्ज ऑनलाइन पोर्टलवरूनच. महाराष्ट्राच्या बोर्डाचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरात पाणचक्कीला आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातली ही चक्की तिथल्या फकिरांसाठी आणि यात्रेकरूंसाठी पीठ दळायची, तेव्हा जागा शोभून दिसते.

बोर्डाकडे नोंद झाली की तलाठ्याकडे फेरफाराचा पाठपुरावा स्वतः करा. सातबाऱ्यावर वाकिफचंच (वक्फ करणाऱ्याचंच) नाव राहिलं तर त्याच्या पश्चात वारसनोंद होते, आणि नातवंडं जमीन विकायला काढतात.