भौतिकशास्त्राचे संशोधन सांभाळून विद्यापीठातील साहस-कौशल्यांचा अभ्यासक्रम कसा पूर्ण करावा

अनेक विद्यापीठांमध्ये शारीरिक शिक्षण विभाग किंवा साहस-शिक्षण केंद्र दर सत्रात नकाशावाचन, प्रस्तरारोहण, कयाकिंग, हिमप्रदेशातील प्रवास आणि दुर्गम भागातील प्रथमोपचार यांचे अभ्यासक्रम चालवते. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आखलेल्या या वर्गांना बहुतेक ठिकाणी संशोधक विद्यार्थ्यांनाही प्रवेश मिळतो. मात्र प्रयोगशाळेत गुंतलेले भौतिकशास्त्राचे विद्यार्थी तिकडे फारसे फिरकत नाहीत, आणि जे नाव नोंदवतात त्यांच्यापैकी काहींना एखाद्या प्रयोगाची तारीख आड आल्याने सत्राच्या मध्यावर वर्ग सोडावा लागतो. हे टाळता येते. त्यासाठी अभ्यासक्रम निवडण्याआधी आपल्या संशोधनाचे वेळापत्रक नीट वाचावे लागते.

सैद्धांतिक किंवा संगणकीय काम करणाऱ्याचे आठवडे साधारण सारखे असतात, म्हणून त्याला सत्रभर चालणारा साप्ताहिक वर्ग सोयीचा पडतो. प्रायोगिक काम करणाऱ्याची गोष्ट वेगळी असते. सिंक्रोट्रॉन या मोठ्या कणत्वरकावरील किंवा मोठ्या दुर्बिणीवरील वेळ काही महिने आधी ठरतो आणि तो सहसा बदलून मिळत नाही. क्रायोस्टॅट (नमुना अतिशय थंड ठेवणारे उपकरण) एकदा द्रवरूप हेलियमने थंड केला की मोजमापे पूर्ण होईपर्यंत कोणीतरी जवळ असावे लागते. अशा विद्यार्थ्याने दोन किंवा तीन शनिवार-रविवारांत संपणारा अभ्यासक्रम निवडावा, आणि उपकरण दुरुस्तीसाठी किंवा देखभालीसाठी बंद राहणार असेल त्या आठवड्यांतच मुक्कामी सहल येईल असे पाहावे. पात्रता परीक्षेचे सत्र आणि प्रबंधलेखनाचे शेवटचे महिने या दोन काळांत नवे साहस-कौशल्य शिकायला घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. थकलेल्या आणि विचलित मनाने दोर हाताळणे धोक्याचे असते.

मार्गदर्शकांशी बोलताना परवानगी मागण्यापेक्षा तारखा पुढे ठेवणे अधिक उपयोगी ठरते. कोणते दिवस आपण संपर्काबाहेर असू, त्या काळात निर्वात पंप किंवा तापमान-नियंत्रक यांवर कोण लक्ष ठेवील आणि गजर वाजला तर पहिली कृती कोणती करायची, हे एका पानावर लिहून सहकाऱ्याच्या हाती द्यावे. नोंदणीपूर्वी विद्यापीठाच्या कार्यालयात तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: शिष्यवृत्तीतून मिळणारी शुल्कमाफी या वर्गाला लागू होते का, त्याचे श्रेयांक पदवीसाठी धरले जातात का, आणि सहलीतील अपघाताला विद्यार्थी-विमा लागू पडतो का.

कोणता अभ्यासक्रम आधी घ्यावा, याबाबत बहुतेकांचा ओढा प्रस्तरारोहणाकडे असतो. मी नकाशा आणि होकायंत्राचा वर्ग प्रथम घ्यायला सांगेन, कारण त्याला साहित्य कमी लागते, दुखापतीची शक्यता कमी असते आणि पुढच्या प्रत्येक कौशल्याला त्याचा आधार मिळतो. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे त्रुटीचे गणित ओळखीचे वाटेल. चुंबकीय दिक्पात (होकायंत्राने दाखवलेली उत्तर आणि खरी उत्तर यांतील कोन) ५ अंश असताना तो विसरून ३ किलोमीटर चालले, तर माणूस अपेक्षित जागेपासून सुमारे २६० मीटर बाजूला पोहोचतो. दाट जंगलात किंवा धुक्यात एवढे अंतर वाट हरवायला पुरते. वेळेच्या अंदाजासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम आजही शिकवला जातो: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. १२ किलोमीटर अंतर आणि ९०० मीटर चढ असेल, तर हा हिशेब जवळजवळ चार तासांचा होतो, आणि त्यात विश्रांती धरलेली नसते. आपल्या गटाचा प्रत्यक्ष वेग दोन-तीन टप्प्यांवर मोजून हा अंदाज सुधारत राहावा.

दुसरा क्रमांक प्रथमोपचाराचा. दुर्गम भागातील प्रथमोपचाराचा प्राथमिक वर्ग साधारण १६ तासांचा, म्हणजे एका शनिवार-रविवारात संपणारा असतो, तर पुढच्या स्तराचा वर्ग ७० ते ८० तास घेतो. संशोधकाला पहिला पुरेसा आहे; दुसरा वर्ग ज्यांना इतरांच्या सहलींचे नेतृत्व करायचे आहे त्यांच्यासाठी.

त्यानंतर प्रस्तरारोहण. येथे आपल्या विषयाचे ज्ञान खरोखर कामी येते, आणि त्याच ज्ञानामुळे फाजील आत्मविश्वासही येतो, म्हणून याविषयी जरा सविस्तर लिहितो. पडल्यावर आरोहकाला बसणारा धक्का केवळ पडलेल्या अंतरावर ठरत नाही. पडलेले अंतर भागिले ते शोषणाऱ्या दोराची लांबी, या गुणोत्तरावर तो ठरतो आणि त्याला फॉल फॅक्टर म्हणतात. ४ मीटरची पडझड २० मीटर दोरावर झाली तर गुणोत्तर ०.२ येते, तीच २ मीटर दोरावर, बिले देणाऱ्याला (दोर धरून आरोहकाची पडझड रोखणाऱ्या जोडीदाराला) ओलांडून झाली तर ते २ होते, आणि नेहमीच्या आरोहणात हीच कमाल मर्यादा असते. म्हणूनच पुढे चढणाऱ्यासाठी ताणला जाणारा दोर वापरतात. न ताणणारा दोर तेथे वापरणे घातक ठरू शकते. अँकरच्या (दोर खडकाला पक्का जोडणाऱ्या आधाराच्या) दोन बाजूंमधील कोन ६० अंश असेल तर प्रत्येक बाजूवर भाराचा सुमारे ५८ टक्के ताण येतो. कोन १२० अंशांपर्यंत वाढला की प्रत्येक बाजू पूर्ण भार पेलू लागते. ही सूत्रे तुम्ही फळ्यावर दोन मिनिटांत काढाल. पण काळोखात, थंडीने बधिर झालेल्या बोटांनी आठाची गाठ न चुकता बांधणे आणि चढण्यापूर्वी जोडीदाराचे हार्नेस (दोर जोडण्यासाठी कमरेला व मांड्यांना बांधलेले पट्टे) हात लावून तपासणे, हे केवळ सरावाने येते. तेव्हा प्रशिक्षक एकच कृती पुनःपुन्हा करायला लावतील, त्या वेळी ‘हे मला समजले आहे’ असे म्हणून तो सराव सोडू नये.

दोन्ही क्षेत्रांत मोठे काम केलेली माणसे आहेत. अवकाश-दुर्बिणीची कल्पना १९४६ मध्ये मांडणारे खगोलभौतिकशास्त्रज्ञ लायमन स्पिट्झर यांनी १९६५ मध्ये डोनाल्ड मॉर्टन यांच्यासह कॅनडातील बॅफिन बेटावरील माउंट थॉरचे पहिले आरोहण केले. प्रोटॉनच्या अंतर्रचनेवरील प्रयोगांसाठी १९९० चे नोबेल मिळालेले हेन्री केंडॉल हेही कसलेले गिर्यारोहक होते.

पाण्यावरचा अभ्यासक्रम निवडायचा असेल, तर पोहण्याची चाचणी आधी द्यावी लागेल असे गृहीत धरावे. थंड पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा कितीतरी वेगाने खेचून घेते, त्यामुळे कपड्यांची निवड हवेच्या तापमानावरून न करता पाण्याच्या तापमानावरून करावी.

अभ्यासक्रम संपल्यानंतर पहिल्या काही सहली आपल्यापेक्षा अनुभवी जोडीदारासोबतच कराव्यात, आणि परतल्यावर ठरवलेली वेळ, लागलेली वेळ, हवामानातील बदल व मागे फिरण्याचा निर्णय कधी झाला याची नोंद त्याच दिवशी वहीत करावी. प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र साधारण दोन वर्षांनी नूतनीकरण मागते. प्रबंध सादर करण्याच्या वर्षी ही मुदत संपत असेल, तर उजळणीचा वर्ग आदल्या सत्रातच उरकून घ्यावा.