ऑटोमॅटिक गाडीचं तेल कुठून गळतं, ते आधी नीट शोधा

आमच्याकडे येणारी जुनी ऑटोमॅटिक गाडी बहुधा नागपूर-पुण्याकडून फिरत फिरत तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या दारी आलेली असते. 12-15 वर्षांचं वय, कडक झालेलं रबर आणि वरून मे महिन्यातलं 45 अंशांचं ऊन. गाडीखाली लाल डाग दिसला की मालक येतो आणि म्हणतो, "भाऊ, सील गेलं वाटते. तेल गळून राहिलं. सील टाकून द्या." कोणतं सील ते त्याला माहीत नसतं, आणि ते त्याचं कामही नाही. पण मिस्त्रीसुद्धा तेवढंच ऐकून गिअरबॉक्स उतरवायला घेतो, तेव्हा मला राग येतो. या गिअरबॉक्सला तेल बाहेर सोडू शकतील अशा आठ-दहा जागा असतात. त्यातल्या बहुतेक ठिकाणी गिअरबॉक्सला हात न लावता काम होतं.

मी इथे टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे इंजिनची ताकद तेलाच्या जोरावर गिअरबॉक्सला पोचवणाऱ्या जुन्या ऑटोमॅटिकबद्दल बोलतोय. 2014 पासून आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत आलेली एएमटी (आपोआप गिअर बदलणारी मॅन्युअल) आतून मॅन्युअलच असते, तिचा हिशेब वेगळा.

तेल गिअरबॉक्सचंच आहे ना?

ताजं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, लाल असतं, पण जुनं झालं की तपकिरी पडतं. म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका. एटीएफ पातळ असल्याने पसरतं आणि कडेला गुलाबी छटा राहते. इंजिन ऑइल मधोमध काळा ठिपका सोडतं. कूलंटही लाल मिळतं, पण ते पाण्यात विरघळतं. तेल वर तरंगतं. एसीचं पाणी तर बोटांना लगेच कळतं.

फसवतं ते स्टिअरिंग. जुन्या गाड्यांच्या हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगमध्ये अनेकदा हेच लाल तेल असतं आणि त्याची नळी गिअरबॉक्सच्या वरून जाते. स्टिअरिंगच्या डब्यावर मार्करने आजच्या पातळीची रेघ मारा आणि आठवडाभर बघा. पातळी उतरली तर गिअरबॉक्सचा विषय तिथेच संपला.

पातळी तपासताना आपल्या गाडीची पद्धत माहीत करून घ्या. बहुतेक गाड्यांत तेल गरम करून, इंजिन चालू ठेवून, लिव्हर पी (पार्क) मध्ये ठेवून डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, बघतात. होंडाच्या जुन्या गिअरबॉक्समध्ये मात्र गाडी गरम झाल्यावर इंजिन बंद करून मिनिट-दीड मिनिटाच्या आत बघायचं असतं. काही गाड्यांना डिपस्टिकच नसते. चुकीच्या पद्धतीने बघून कोणी वर अर्धा लिटर तेल ओतलं असेल, तर गळतीचं कारण तेच असू शकतं. ते पुढे येईलच.

धुणं

न धुता शोधायला बसू नका. आपल्या रस्त्यांवरची काळी धूळ तेलाला चिकटते, त्याचं कीट होतं, आणि तीन वर्षांपूर्वीची बंद झालेली गळतीसुद्धा आजची वाटते.

गाडी थंड झाल्यावर धुवा. रॉकेल किंवा डिझेलने कीट सुटतं, पण त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि नंतर तोच गळती वाटतो. म्हणून त्यावर साबणाचं पाणी, मग साधं पाणी, मग हवा. ब्रेक क्लीनरचा स्प्रे मिळाला तर सगळ्यात उत्तम. वॉशिंग सेंटरवर जोराच्या फवाऱ्याने धुणार असाल, तर आधी गिअरबॉक्सच्या ब्रीदरला आणि वायरींच्या कनेक्टरांना पॉलिथिन गुंडाळा. ब्रीदर म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारी बारीक नळी किंवा टोपी. तिच्यातून पाणी आत गेलं की क्लचच्या चकत्यांवरचं अस्तर सुटायला लागतं, आणि मग गळतीपेक्षा मोठा खर्च बसतो.

गाडीखाली जाण्याबद्दल एकच सांगतो, आणि ते गांभीर्याने घ्या. स्टेपनी बदलायच्या जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नका. घोड्या (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड) लावा, चाकांना अडण लावा. विटा आणि दगड फुटतात. काळ्या मातीत घोडी रुतते, म्हणून तिच्याखाली जाड फळी हवीच.

कुठून यापेक्षा, केव्हा गळतं

माझं सगळ्यात मोठं नुकसान या टप्प्यावर झालं आहे, म्हणून इथे थांबून बोलतो.

एक गाडी आली होती. सकाळी अंगणात तळहाताएवढा डाग पडायचा. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात, त्या बेल हाउसिंगच्या खालच्या सांध्यातून थेंब पडत होते. मी गाडी धुतली, इंजिन चालू ठेवून अर्धा तास बघितलं, रस्त्यावर 20 किलोमीटर फिरवली. सगळं कोरडं. मी ठरवलं की आतलं पुढचं सील गेलंय, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर जिथे पंपात बसतो तिथलं. दीड दिवस घालवून गिअरबॉक्स उतरवला, सील बदललं, गाडी दिली. तिसऱ्या दिवशी मालक परत आला. डाग तिथेच.

चूक ही होती की गाडी रात्री उभी असताना गळते, आणि मी ती चालू असताना तपासत होतो.

आत काय होतं ते समजून घ्या. इंजिन चालू असताना पंप खालच्या पॅनमधलं तेल उचलतो आणि कन्व्हर्टर, कूलर आणि तेल हवं तिकडे वळवणारी व्हॉल्व्ह बॉडी भरून ठेवतो. त्यामुळे पॅनमधली पातळी कमी असते आणि नळ्यांमध्ये दाब असतो. इंजिन बंद झालं की दाब जातो, वरचं तेल हळूहळू खाली उतरतं आणि पॅनमधली पातळी चढते. चालू गाडीत ज्या जागा तेलाच्या वर असतात, त्यातल्या काही रात्री तेलात बुडतात. माझ्या त्या गाडीत डिपस्टिकची नळी गिअरबॉक्सात जिथे घुसते, तिथली ओ-रिंग गेली होती. तेल रात्री तिथून झिरपायचं, कवचाच्या कडेकडेने बेल हाउसिंगपर्यंत जायचं आणि तिथून खाली पडायचं. छोटीशी रबरी रिंग, आणि तिच्यापायी मी अख्खा गिअरबॉक्स उतरवला होता. दुसऱ्या वेळचे पैसे मी घेतले नाहीत, पण माणसाची गाडी कापसाच्या हंगामात आठवडाभर माझ्याकडे अडकली, ते भरून देता आलं नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक गाडी तीन वेळांना तपासतो, आणि तुम्हीही तेच करा.

पहिली वेळ रात्रीची. धुतलेली गाडी सपाट जागी उभी करा. शेणाने सारवलेलं अंगण तेल पिऊन टाकतं, म्हणून खाली मोठा पुठ्ठा अंथरा. पुठ्ठ्यावर चारही चाकांच्या जागा आणि पुढची दिशा लिहून ठेवा, नाहीतर सकाळी पुठ्ठा उलटा धरून भलतीच बाजू शोधाल. गळती फक्त रात्रीचीच निघाली तर संशय डिपस्टिकच्या नळीच्या ओ-रिंगवर, गिअर बदलणाऱ्या लिव्हरच्या दांड्याच्या सीलवर, पॅनच्या गॅस्केटवर आणि एक्सलच्या सीलवर.

दुसरी वेळ इंजिन चालू, गाडी उभी. लिव्हर पी मध्ये, हँडब्रेक घट्ट. या वेळी खाली झोपू नका, बाजूने टॉर्च मारा. दाबाखालच्या जागा इथे उघड होतात: रेडिएटरकडे जाणारे कूलर पाइप, त्यांच्या होजची टोकं आणि पुढचं सील. शेताकडेच्या शेडमध्ये उभ्या असणाऱ्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेले होजही मी पाहिले आहेत.

तिसरी वेळ गरम गाडीची. समृद्धी महामार्गावर किंवा हैदराबाद रोडवर अर्धा तास सलग चालवून या. तेल गरम होऊन फुगतं. पातळी जास्त भरलेली असेल तर ते ब्रीदरमधून बाहेर येतं आणि मागच्या सगळ्या भागावर फवारल्यासारखं बसतं. अशा गाडीत एकही सील खराब नसतं. जास्तीचं तेल काढलं की काम झालं.

या तिन्ही वेळांना नियम एकच: थेंब जिथून पडतो ती जागा नव्हे, ओल दिसते त्यातली सगळ्यात उंच जागा. आणि चालत्या गाडीत वारा तेल मागे ढकलतो, म्हणून सगळ्यात उंच आणि सगळ्यात पुढची. बोट फिरवत वर वर जा. मागचं, वरचं, जिथे डोळा पोचत नाही तिथे मोबाइल घालून व्हिडिओ काढा.

एवढ्यावरही उलगडलं नाही तर पावडर. कोरड्या कवचावर साधी टाल्कम पावडर पातळ उडवा. तेल जिथून निघेल तिथून पावडरीवर काळपट ओघळ उमटतो. चुना वापरायचा सल्ला अजिबात ऐकू नका. ओला चुना अ‍ॅल्युमिनियम खातो, आणि गिअरबॉक्सचं कवच अ‍ॅल्युमिनियमचंच असतं. फार बारीक गळती असेल तर एटीएफसाठीचा यूव्ही डाय (यूव्ही उजेडात चमकणारा रंग) तेलात घालून दोन दिवस गाडी चालवा आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारा. चकाकणारी रेघ थेट उगमापर्यंत नेते.

बेल हाउसिंगमधून खरंच तेल येत असेल तर शेवटचा प्रश्न उरतो: इंजिनचं मागचं सील की गिअरबॉक्सचं पुढचं? खालचं छोटं झाकण काढून आतलं तेल कागदावर घ्या. काळा ठिपका आला तर इंजिन, गुलाबी कडा आली तर गिअरबॉक्स. दोन्हीसाठी गिअरबॉक्स उतरणारच असेल, तर दोन्ही सीलं एकाच वेळी बदला. मजुरी दोनदा देण्यात शहाणपण नाही.

एक गळती बाहेर दिसतच नाही. अनेक गाड्यांचा तेलाचा कूलर रेडिएटरच्या आत असतो. तो आतून फुटला की पातळी कमी-जास्त होते, खाली डाग नाही, आणि डिपस्टिकवर किंवा रेडिएटरमध्ये दुधाळ गुलाबी पाणी दिसतं. अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नका. ओढून आणा.

दुरुस्ती

जागा सापडली की बाकीचं सोपं. ओ-रिंग आणि सील नवं टाका, होज कापून जोडू नका. एक्सलचं सील बदलताना शाफ्टवर चर पडलाय का ते नखाने बघा.

पॅनबद्दल मात्र बजावतो. पॅन गळतो म्हणून बोल्ट जोर लावून आवळणारे हात मी रोज बघतो. हे बोल्ट फार कमी जोराचे असतात, बहुतेक गाड्यांत 10 न्यूटन-मीटरच्या आसपास. जास्त आवळलं की पत्र्याचा पॅन बोल्टांपाशी वाकतो आणि गॅस्केट मधून उचललं जातं, किंवा अ‍ॅल्युमिनियममधला आटा निघतो. पॅन उतरवून कडा सपाट आहे का बघा, नवं गॅस्केट घाला आणि बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे कसा.

गळती थांबवणारी बाटली तेलात ओतायला सांगतात, तिला माझा विरोध आहे. ती रबर मऊ करून फुगवते. काही दिवस गळती थांबते, मग तेच सील पार ढिलं पडतं, आणि तोवर खरी जागा लपून राहते.

तेल कंपनीने सांगितलेल्या प्रकाराचंच घ्या: ह्युंदाईच्या अनेक जुन्या गाड्यांना एसपी-3, टोयोटाला टी-4 किंवा डब्ल्यूएस, जे पुस्तकात लिहिलं असेल ते. "लाल म्हणजे सगळं सारखंच" असं म्हणणाऱ्या दुकानातून उठून या.

दुरुस्तीनंतर पुन्हा धुवा आणि तीन रात्री पुठ्ठा टाका. एका रात्रीचा कोरडा पुठ्ठा मी धरत नाही, कारण कवचाच्या खोबणीत अडकलेलं जुनं तेल दुसऱ्या रात्रीपर्यंत टपकत असतं, आणि बारीक गळती कधी तिसऱ्या रात्री दिसते.