ऑपरेटर पाठ करू नका, सुट्टे पैसे मोजा

पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा नवीन शिकताय आणि // (भागाकाराचा पूर्ण आकडा) आणि % (भागाकाराची बाकी) या ऑपरेटरमध्ये, म्हणजे चिन्हांमध्ये, गोंधळ होतोय? मग ऑपरेटरचा तक्ता पाठ करत बसू नका, एक छोटा प्रोग्राम लिहा, रक्कम द्यायची आणि कुठल्या किती नोटा लागतील ते काढायचं.

समजा 1370 रुपये आहेत. 1370 // 500 केलं की 2 येतं, म्हणजे पाचशेच्या दोन नोटा, आणि 1370 % 500 केलं की उरलेले 370. आता त्या 370 वर परत तेच, 200 ची एक, उरले 170, मग शंभरची एक, पन्नासची एक, वीसची एक, संपलं. // ऐवजी एकच तिरकी रेघ (/) टाकली तर मात्र 2.74 येतं आणि पाऊण नोट कोण देणार तुम्हाला 😄

उरलेली रक्कम ठेवायला रक्कम %= 500 असं लिहा (बाकी काढून ती परत रक्कम मध्येच ठेवायची), म्हणजे %= पण आपोआप कळतं. (हो, पायथॉन 3 मध्ये व्हेरिएबलचं, म्हणजे आकडा साठवायच्या जागेचं, नाव मराठीत चालतं, करून बघा.)

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इनपुटला, मी पण अर्धा तास घालवलाय. युजरने टाईप केलेला आकडा आधी स्ट्रिंग (नुसता मजकूर) असतो, int() ने इंटमध्ये (पूर्णांकात) बदलला नाही तर // वर सरळ एरर येतो, आणि + वापरलं तर त्याहून वाईट, एरर न येता 5 आणि 5 चे 55 होतात. शेवटी काही उरलं का हे तपासताना बरोबरचं चिन्ह दोनदा (==), एकदा नाही.

हे जमलं की सेकंदांचे तास-मिनिटं करून बघा, तिथे 3600 आणि 60.