कपाशीच्या तासातून बेचाळीस किलोमीटर

आमचं गाव राळेगाव तालुक्यात, यवतमाळ जिल्ह्यात. गावापासून फाट्यापर्यंत चार किलोमीटर डांबरी रस्ता. दोन्ही बाजूंनी कपाशी आणि तूर, मधे एक पूल, पुलापलीकडे पळसाची चार झाडं. मॅरेथॉन पळायची ठरवल्यावर पहिल्या दिवशी मी किलोमीटरच्या दुसऱ्या दगडापर्यंतही पोचले नाही. छाती भरून आली, पोटात कळ आली आणि मी रस्त्याच्या कडेला बसले. वावरात जाणारे एक आजोबा सायकल थांबवून म्हणाले, "काऊन वं माय, कोनी मांगं लागलं का?"

तेव्हा मी पोलीस भरतीची तयारी सोडून वर्ष झालं होतं. मुलींना भरतीत ८०० मीटर पळावं लागतं. ते अंतर मला येत होतं, त्यामुळे पळणं आपल्याला जमतं असं मी धरून चालले होते. गावाकडून मॅरेथॉनकडे वळणाऱ्या बहुतेक मुलामुलींचं असंच असतं. आपण भरतीच्या ग्राउंडवर घडलेलो असतो. तिथं जीव तोडून पळायचं, तोंडाला फेस आला की सराव झाला असं मानायचं. तीच सवय आपण मॅरेथॉनच्या सरावात आणतो आणि दीड महिन्यात पाय धरून बसतो.

माझंही पहिल्या वर्षी तेच झालं. ऑगस्टमध्ये सुरुवात केली. रोज घड्याळ लावून, कालच्यापेक्षा आज लवकर, अशा जिद्दीनं पळायचे. आठव्या आठवड्यात दोन्ही नळ्या दुखायला लागल्या. नडगीच्या आतल्या बाजूला बोट दाबलं की डोळ्यात पाणी यायचं. तरी आठ दिवस तशीच पळाले. शेवटी डॉक्टरांनी सहा आठवडे पळणं बंद करायला लावलं आणि त्या वर्षीची मुंबई मॅरेथॉन गेली. भरलेली फीसुद्धा गेली.

दुसऱ्या वर्षी मी पहिली गोष्ट शिकले, ती सावकाश पळण्याची. सोबत कोणी असेल तर पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, दोन शब्दांत धाप लागता कामा नये. सोबत कोणी नसेल तर एखादा अभंग म्हणून बघा. ओळ मधे तुटली की वेग कमी करा. आठवड्यातलं बहुतेक पळणं याच वेगात असावं. मी किलोमीटरला आठ मिनिटांनी पळायचे. मोटरसायकलवरून जाणारी पोरं हसायची, त्यांना हसू द्या. हृदय आणि श्वास लवकर तयार होतात. हाडं आणि कंडरा (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या) मागून येतात, त्यांना महिने लागतात. म्हणून आठवड्याचं एकूण अंतर दहा टक्क्यांच्या आसपासच वाढवायचं, आणि तीन आठवडे वाढवलं की चौथ्या आठवड्यात कमी करायचं.

आता मला जे खरं सांगायचं आहे त्याच्याकडे येते. मोबाइलवर मॅरेथॉनची वेळापत्रकं भरपूर मिळतात. सोमवारी आराम, मंगळवारी आठ, बुधवारी सहा, रविवारी लांब. ती दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसासाठी लिहिलेली असतात. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून सोळा-अठरा आठवडे मागे मोजा. सोयाबीनची सोंगणी, दिवाळी, कपाशीची वेचणी, हरभऱ्याचं ओलीत, सगळं त्याच काळात येतं. सर्वांत लांब पळायचे आठवडे आणि वेचणीचा जोर एकाच वेळी. वेळापत्रकात ज्या दिवशी "आराम" लिहिलेलं असतं, त्या दिवशी आपण कंबरेला कापसाची ओटी (झोळी) बांधून कपाशीच्या तासात, म्हणजे ओळीत, वाकलेलो असतो.

एकदा वेचणीच्या दिवशी मोबाइल खिशात ठेवून पावलं मोजली. संध्याकाळपर्यंत अकरा हजारांवर गेली होती. तीही वाकून, ओटीत पाच-सहा किलो कापूस घेऊन, ढेकळांवरून. त्या दिवशी मी चाळीस किलो कापूस वेचला होता. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून वेळापत्रकाप्रमाणे बारा किलोमीटर पळायला निघाले. तिसऱ्या किलोमीटरला मांड्या दगडासारख्या झाल्या. घरी येऊन रडले, आपल्यात दमच नाही असं वाटलं. दम होता. मी दिवसभराचं काम हिशेबातच धरलं नव्हतं.

त्यानंतर मी एक वही केली. पळण्याच्या रकान्याशेजारी वावराचा रकाना. दिवसभर वेचणी किंवा सोंगणी झाली की त्या दिवसाचा सराव झाला असं धरायचं आणि दुसऱ्या दिवशी फार तर पाच किलोमीटर सावकाश. निंदण, खुरपण असेल तर अर्धा दिवस धरायचा. लांब पळणं रविवारी ठेवण्यापेक्षा बाजाराच्या दिवशी ठेवलं, कारण आमच्याकडे त्या दिवशी मजूर येत नाहीत आणि वेचणी बंद असते. तुमच्या गावात कोणता दिवस मोकळा असतो ते बघा आणि आठवडा त्याच्याभोवती बांधा. आठवड्यातून चार दिवस पळून मॅरेथॉन पूर्ण होते. मी चारच दिवस पळले.

झोपेचंही तसंच. हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं तेव्हा शेतीची लाईन (वीज) एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री येते. रात्रीच्या लाईनवर भाऊ मोटर सुरू करायला जायचा आणि नाके फोडायला (पाणी पुढच्या सरीत सोडायला) मी बॅटरी घेऊन सोबत. पहाटे तीनला झोपून पाचला उठण्यात काही मर्दुमकी नाही. तशा दोन रात्रींनंतर मी पुलाजवळ साध्या खड्ड्यात पाय मुरगाळून घेतला. बाबांनी हळद लावून दिली आणि म्हणाले, "पाय दुखते त थांब ना वं एक दिवस. वावर काई पयून नाई जात." तेव्हापासून रात्रीच्या लाईनचा आठवडा हाच माझा कमी अंतराचा आठवडा झाला.

मुलींनी सुरुवात करण्याआधी रक्त तपासून घ्या, हे मी हात जोडून सांगते. माझं हिमोग्लोबिन ९.४ निघालं. बाईचं किमान १२ असावं. मला वाटत होतं आपण आळशी आहोत. आरोग्य उपकेंद्रातून लोहाच्या गोळ्या मिळाल्या. त्या जेवणानंतर लगेच चहासोबत घेतल्या तर लोह अंगाला कमी लागतं, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत घेतल्या तर चांगलं लागतं. तीन महिन्यांत ११.८ झालं आणि तोच पुलाचा चढ, जिथं मी रोज चालायला लागायचे, तो मला पळत चढता आला.

त्याच वेळी सिकलसेलची (हा रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणीही करा. विदर्भात, विशेषतः यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात हा आजार आणि त्याचे वाहक बरेच आहेत. २०२३पासून याची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात साधी तपासणी होते. माझ्यासोबत पळणारी माझी चुलत बहीण वाहक निघाली. वाहकाला आजार नसतो, तो पळू शकतो, पण डॉक्टरांना विचारून. ऊन जास्त, अंगात पाणी कमी आणि एकदम जोराचं पळणं असं एकत्र आलं तर वाहकाच्याही रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन स्नायूंचा रक्तपुरवठा अडू शकतो, आणि ते जिवावर बेतू शकतं. तिला डॉक्टरांनी सांगितलं आहे की हळूहळू वाढवायचं, मधे थांबत पळायचं, पाणी घेत राहायचं आणि पायातली ताकद अचानक गेल्यासारखी वाटली तर तिथंच थांबून दवाखाना गाठायचा. साधा गोळा आला असेल म्हणून रेटायचं नाही.

लांब पळण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण मॅरेथॉनचा सराव म्हणजे मुख्यतः तेच. मी १० किलोमीटरपासून सुरू करून ३० पर्यंत नेलं. ३० फक्त दोनदा पळाले, शेवटचं स्पर्धेच्या तीन आठवडे आधी. आपल्या शरीरात साठवलेली साखर साधारण ३० किलोमीटरपर्यंत पुरते. ती संपली की पाय जड होतात, डोकं सुन्न होतं, विनाकारण रडू येतं. म्हणून भूक लागायच्या आधीच खायचं. दर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी दोन खजूर किंवा गुळाचा खडा, पुढं पुढं अर्धं केळ. महागड्या एनर्जी जेलच्या पुड्या लागतातच असं नाही. पण जे खायचं ते सरावात खाऊन बघा. एका लांब पळण्याच्या आदल्या रात्री मी झुणका-भाकर आणि ठेचा खाल्ला, दुसऱ्या दिवशी अकराव्या किलोमीटरला तुरीच्या वावरात धावत जावं लागलं. त्यानंतर आदल्या रात्री वरण-भात आणि पहाटे केळ किंवा गूळ-पोळी एवढंच.

पाण्याची सोय आपल्याला स्वतःच करावी लागते. आदल्या संध्याकाळी सायकलनं जाऊन मी दोन बाटल्या ठेवून यायचे, एक पळसाच्या फांदीला फडक्यात बांधून, एक फाट्यापुढच्या ओळखीच्या काकूंच्या घरी. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. नुसतं साधं पाणी ढसाढसा पिऊ नका. तासन्‌तास घाम गाळून फक्त पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ कमी होतं आणि माणूस बेशुद्धही पडू शकतो.

अंतर मोजायला मोबाइल आहेच, पण तो नसला तरी चालतं. मी दगड धरून पळायचे. राज्यमार्गाच्या दगडाचा माथा हिरवा, राष्ट्रीय महामार्गाचा पिवळा. महामार्गावर पळू नका, ट्रकवाल्याला पहाटे आपण दिसत नाही. समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूनं, म्हणजे उजवीकडून, फिकट रंगाचे कपडे घालून पळा. पहिले तीन महिने भाऊ मागून सायकलवर असायचा, नंतर चुलत बहीण आली. मुलींनी एकटं निघू नये असं लोक म्हणतात, त्यात मलाही तथ्य वाटतं, पण त्यावरचा उपाय घरात बसणं नाही, दुसरी मुलगी शोधणं हा आहे. कुत्रं अंगावर आलं तर पळू नका, उभं राहा, मग चालत निघा. चावलंच तर साबणानं पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी इंजेक्शन.

पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत शिरू नका. एकेका बुटाला किलोभर गाळ चिकटतो आणि घोटा फिरतो. ओले बूट चुलीजवळ वाळवू नका, तळाचा गोंद सुटतो. आत रद्दी पेपर कोंबून ठेवा. बूट अंगठ्यापुढं बोटभर जागा राहील असे घ्या, आणि शक्यतो संध्याकाळी घ्या, दिवसभरानं पाय थोडे फुगलेले असतात. माझा पहिला जोड नेमका मापाचा होता, त्यात दोन नखं काळी होऊन गळाली.

स्पर्धेला विदर्भ एक्स्प्रेसनं गेले, वर्ध्याहून थेट सीएसएमटी. गुरुवारी संध्याकाळी निघाले, म्हणजे शुक्रवारी छातीवर लावायचा नंबर घेऊन शनिवारी पाय लांब करून पडायला मिळालं. एका गोष्टीची तयारी मात्र नव्हती. आपल्याकडे जानेवारीत पहाटे दात वाजतात, हवा कोरडी असते. मुंबईत अंधारातच अंग चिकट झालं आणि पाचव्या किलोमीटरला बनियन भिजून गेली. ठरवलेल्या वेगापेक्षा किलोमीटरला पंधरा-वीस सेकंद हळू पळा, पहिल्यापासून. काखेत आणि मांड्यांना खोबरेल तेल लावा.

सागरी सेतूवर उजाडत होतं. खाली पाणी, वर सेतूला धरणाऱ्या त्या तारा, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघत होते. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ आला, तोवर पाय संपले होते. तिथं मी चालले. चालायचं मी आधीच ठरवलं होतं, आमच्या पुलाच्या चढावर त्याचाही सराव केला होता. शंभर पावलं चालायची, मग पुढच्या दिव्याच्या खांबापर्यंत पळायचं. फुटपाथवर एक आजी परातीत संत्र्याच्या फोडी घेऊन उभ्या होत्या. एक तोंडात टाकली आणि मला आपल्याकडची वाटली. ५ तास १२ मिनिटांनी रेषा ओलांडली. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पळवलं गेलेलं आणि १९२१मध्ये कायम झालेलं ४२.१९५ किलोमीटरचं अंतर, त्यातले शेवटचे १९५ मीटर मला अजून पावलागणिक आठवतात.

सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माणमधली ललिता बाबर याच स्पर्धेत भारतीय महिलांमध्ये पहिली आली होती आणि २०१६मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसची (अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीची) अंतिम फेरी पळाली. माझी वेळ तिच्या जवळपासही नाही. पण त्या रस्त्यावरून मी गेले, याचा मला फार आनंद आहे.

परत आल्यावर दोन आठवडे पळू नका. वेचणीलाही पहिले तीन-चार दिवस जाऊ नका, घरच्यांना आधी सांगून ठेवा. मी तिसऱ्या दिवशी वावरात गेले आणि वाकल्यावर उठताच येईना, आईनं हात देऊन उभं केलं.

तुम्हाला याच आठवड्यात सुरू करायचं असेल तर तीन दिवस, प्रत्येकी अर्धा तास. दोन मिनिटं सावकाश पळा, दोन मिनिटं चाला. वहीत दोन रकाने आखा. आणि पहिल्या मोकळ्या सकाळी आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासायला देऊन या. जाताना सोबत अजून एखादीला घेऊन जा.